मुका डबा आणि बाबांची तीन बटणं

चिपळूणला आईबाबांच्या घरी एक डबा आहे. डबा म्हणजे कुठल्यातरी ऑफिसातून भंगारात निघालेला छोटा डेस्कटॉप, मी तीनेक वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतला, त्यात डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं आणि घरातले सगळे फोटो, बाबांच्या भजनाच्या रेकॉर्डिंग्ज, आईची स्कॅन केलेली कागदपत्रं असं सगळं त्यात भरलं. मी पुण्यात असतो, एसएसएचने, म्हणजे नेटवरून कमांड देत, आत शिरतो, काम करतो, बाहेर पडतो. बाबांचा त्याच्याशी संबंध इतकाच की टीव्हीवरून भजनं लागली पाहिजेत.

यंदा जूनमधे पाऊस सुरू झाला, लाईटचं जाणं येणं सुरू झालं आणि बाबांचे फोनही सुरू झाले. "अरे तो डबा अडकलाय परत." लाईट आली की डबा आपोआप चालू व्हावा अशी सेटिंग बायोसमधे (मशीन चालू होताना सर्वात आधी चालणारा प्रोग्राम) केलेली आहे, तसा तो व्हायचाही, पण मधेच कुठेतरी थांबायचा आणि तासभर तसाच. व्हॉट्सॅपवर स्क्रीनचा फोटो मागवला तर त्यात दोनच ओळी, "लोडिंग लिनक्स" आणि तिच्याखाली "लोडिंग इनिशियल रॅमडिस्क", आणि खाली लुकलुकणारा कर्सर. बस. बाबांनी मात्र स्वतःचा उपाय शोधला होता, कंट्रोल ऑल्ट डिलीट. "ती तीन बटणं दाबली की होतो सुरळीत." आणि खरंच व्हायचा. मग मीही लाजेखातर दोनदा बघतो बघतो म्हटलं आणि सोडून दिलं, कारण एसएसएचने आत गेल्यावर सगळं व्यवस्थित, मी दहादा रीबूट मारून बघितलं, दहाही वेळा बिनतक्रार उठला. लॉगमधे काहीच नाही. नसणारच म्हणा, जो बूट अडकला त्याचा लॉग डिस्कवर लिहायला डिस्क तर उघडायला पाहिजे, ती उघडायच्या आधीच तर गाडी थांबत होती.

(पुढे कमांड मी बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच रोमनमधे.)

आता त्या दोन ओळींबद्दल आधी सांगतो कारण मीही सुरुवातीला फसलो. "लोडिंग इनिशियल रॅमडिस्क" वाचून वाटतं की रॅमडिस्क लोड होताना अडकलं, फाइल करप्ट आहे वगैरे. तसं नाहीये. त्या दोन्ही ओळी ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, छापतो आणि ग्रबचं काम तिथे संपतं, त्यानंतर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उठतो, मग रॅमडिस्कमधल्या (मेमरीत तात्पुरत्या भरलेल्या फाइलींमधल्या) शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांडच्या याद्या, चालतात, मग खरी डिस्क माउंट होते म्हणजे वापरात येते, मग बाकी सगळं चालू करणारं सिस्टमडी येतं. पण कर्नलच्या ओळीत (ग्रब त्याला देतो त्या सूचनांची ओळ) "क्वाएट" हा शब्द लिहिलेला असतो त्यामुळे पुढचे सगळे तोंड बंद करून काम करतात आणि स्क्रीनवर ग्रबच्या त्या दोन ओळी तशाच शिळ्या राहतात. म्हणजे नवरदेव लग्न करून गेला तरी मांडवात पाटी तशीच. अडकलंय कुठे याबद्दल त्या ओळी काहीही सांगत नाहीत, फक्त ग्रबपर्यंत ठीक होतं एवढंच.

मग पहिलं काम, एसएसएचने शिरून ईटीसी-डीफॉल्ट-ग्रब या फाइलमधनं क्वाएट काढून टाकलं, अपडेट-ग्रब मारलं, आणि लाईट जायची वाट बघत बसलो. हो, लाईट जायची वाट, कारण रीबूटने तो रोग यायचाच नाही. तेव्हाच खरं तर डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

चार दिवसांनी फोटो आला. आता स्क्रीन भरलेली होती, कर्नलच्या ओळींची नुसती जत्रा, आणि त्यात मधेच एक ओळ, "बिगिन: रनिंग स्क्रिप्ट्स-इनिट-प्रीमाउंट" आणि तीन टिंबं. या ओळीनंतर "डन" यायला हवं, ते नव्हतं. क्वाएट या एका शब्दाने दोघांचं तोंड बंद होतं हे इथे कळलं. कर्नल तो शब्द वाचून कन्सोलची, म्हणजे स्क्रीनवर काय दिसावं याची, लॉगलेव्हल ४ वर आणतो (आकडा लहान तितकी गोष्ट गंभीर), म्हणजे ० ते ३ एवढ्याच गंभीर गोष्टी स्क्रीनवर, वॉर्निंग ही ४ नंबरची त्यामुळे ती पण गुल. आणि रॅमडिस्कमधली इनिट नावाची स्क्रिप्ट तीच ओळ प्रॉक-सीएमडीलाइन या फाइलमधून स्वतंत्रपणे वाचते, क्वाएट दिसलं की तिचे बिगिन आणि डनचे मेसेज छापणारं फंक्शन पहिल्याच ओळीत परत फिरतं. दोघं एकाच पाटीला मान देतात पण एकमेकांशी काही बोलणं नाही.

तर इनिट-प्रीमाउंट. हा रॅमडिस्कमधला एक फोल्डर, त्यात ज्या स्क्रिप्ट असतील त्या रूट डिस्क (जिच्यावर डेबियन आहे ती) शोधायच्या आधी एकामागून एक चालतात. आणि त्यात माझी स्वतःची एक स्क्रिप्ट आहे हे मला आठवलं. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या आळीत चोरी झाली होती त्यामुळे मी रूट डिस्क एन्क्रिप्ट केली आणि किल्लीची फाइल एका पेनड्राइव्हवर ठेवली, पेनड्राइव्ह लांब केबल लावून भिंतीपलीकडच्या कपाटात, म्हणजे कुणी डबा उचलून नेला तरी किल्ली मागे राहील. माझी स्क्रिप्ट तो पेनड्राइव्ह यायची वाट बघायची आणि आला की माउंट करायची. असल्या कामासाठी डेबियनमधे पासडेव्ह नावाची तयार स्क्रिप्ट येते हे मला फार उशिरा कळलं, पण स्वतः लिहायची खुमखुमी तेव्हा जास्त होती.

स्क्रिप्टवर संशय होता, पण ती तीन वर्षं बिनबोभाट चालत होती, आणि नेमकं आत काय होतंय हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरवलं. म्हणून पुढची पायरी, कर्नलच्या ओळीत "डीबग" टाकलं. म्हटलं आता सगळं उघडं पडेल. लाईट गेली, आली, फोटो आला, आणि स्क्रिप्टची एकही ओळ नाही! आधी निदान बिगिन तरी होतं, आता तेही गायब, कर्नल मात्र दुप्पट बडबडतोय. असं कसं म्हणून मॅन पेज (लिनक्समधलं माहितीचं पान) उघडलं तर तिथे सरळ लिहिलेलं, नुसतं डीबग दिलं तर इनिट्रॅमएफएस, म्हणजे तीच रॅमडिस्क, सगळं आउटपुट रन-इनिट्रॅमएफएस फोल्डरमधल्या एका फाइलमधे वळवतं. रनमधे, म्हणजे रॅममधे. बूट झालं तर ती फाइल नंतर निवांत वाचा, पण आमचं बूटच होत नाही, तर वाचणार कोण, आणि तीन बटणं दाबली की रॅम साफ. म्हणजे रुग्ण बोलायला लागला पण तोंडावर उशी दाबून. याला उपाय म्हणजे डीबगपुढे बरोबरचं चिन्ह टाकून काहीही लिहायचं, मॅन पेजमधे "डीबग=व्हीसी" दिलंय, मग तेच आउटपुट कन्सोलवर येतं. एक शब्द, दोन वागणुकी. हा डीबग शब्द तसाही अपशकुनी आहे, २०१४ मधे कर्नलवाले आणि सिस्टमडीवाले यांचं याच शब्दावरून जोरदार वाजलं होतं कारण सिस्टमडी पण तोच शब्द वाचून कर्नलचा लॉग स्वतःच्या बडबडीने भरून टाकत होतं, लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स जाहीरपणे भडकला होता. फक्त सिस्टमडीलाच बोलतं करायचं तर त्याच्या नावाचा वेगळा पर्याय आहे, सिस्टमडी डॉट लॉग_लेव्हल=डीबग असा.

डीबग=व्हीसी लावलं तर आता उलटा त्रास, इतक्या ओळी की फोटोत फक्त शेवटच्या पन्नास. बाबांना म्हटलं शिफ्ट आणि पेजअप दाबून वर जा आणि फोटो काढा. बाबा म्हणाले काही होत नाही. मी म्हटलं नीट दाबा. "अरे नीटच दाबतोय, आंधळा नाहीये मी." मग शोधल्यावर कळलं की शिफ्ट-पेजअपने वर जायची सोय कर्नल ५.९ मधे, म्हणजे २०२० सालीच काढून टाकलीय, त्या कोडमधे सुरक्षेची भोकं होती आणि सांभाळायला कुणी नव्हतं. मी कॉलेजपासून ती बटणं दाबत आलेलो, त्यामुळे ती आता नाहीत हे मानायलाच मला वेळ लागला. बाबांची माफी मागितली.

आता फोटोवर भागणार नव्हतं, सिरीयल कन्सोल, म्हणजे त्याच ओळी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरवर घ्यायची सोय, लावायला हवा होता, त्यासाठी घरी जायला हवं होतं. गणपतीला जायचंच होतं.

जुन्या ऑफिस डेस्कटॉपचा एक फायदा असतो, मागे नऊ पिनांचा कॉम पोर्ट असतो. लॅपटॉपला लावायचा यूएसबी टू सिरीयल अडॅप्टर पुण्याहून नेला, पण मधली केबल न्यायला विसरलो. गणपतीच्या आदल्या दिवशी चिपळूणच्या बाजारात सिरीयल केबल मागत फिरलो, मोबाईलच्या दुकानात पोरगं म्हणालं सिम कार्डची का. शेवटी आमच्या वाण्याकडे इलेक्ट्रॉनिक काट्याबरोबर आलेली केबल पडून होती, काटा बिलिंगच्या कॉम्प्युटरला जोडायची, ती त्यांनी कधी वापरलीच नव्हती. "घेऊन जा, पण मोदकाचं पीठ आमच्याकडूनच न्यायचं." घेतलं.

केबल लावली, लॅपटॉपवर स्क्रीन कमांडने टीटीवाय-यूएसबी० उघडलं ११५२०० स्पीडला, आधी परमिशन नाही म्हणाला मग स्वतःला डायलआउट ग्रुपमधे टाकून लॉगआउट लॉगिन केलं, आणि पलीकडून काहीही नाही. एक अक्षर नाही. कारण केबल सरळ होती. दोन्ही बाजूला कॉम्प्युटर असले की दोघांची बोलायची पिन ३ आणि ऐकायची पिन २, सरळ केबलमधे बोलणारा बोलणाऱ्याला जोडला जातो आणि ऐकणारा ऐकणाऱ्याला, मग कसलं संभाषण. पिना उलटवणारी नल मोडेम केबल लागते. ती नव्हतीच, म्हणून जम्पर वायरी घेऊन २ ला ३, ३ ला २ आणि ५ ला ५ असं जोडलं, आणि चिकटपट्टी मारली. आईने मखराला आणलेली सोनेरी चिकटपट्टी, दुसरी घरात नव्हती.

मग ग्रबमधे दोन कन्सोल द्यायचे, एक स्क्रीन टीटीवाय० आणि एक सिरीयल टीटीवायएस०. मी आधी सिरीयल आणि नंतर स्क्रीन लिहिलं, क्रमाने काय फरक पडतोय म्हणून. पडतो! लॅपटॉपवर कर्नलच्या ओळी धो धो यायला लागल्या, मी खूश, पण बिगिन डन वगैरे स्क्रिप्टचं काहीच नाही, ते सगळं पलीकडे मॉनिटरवर. कर्नल स्वतःचे मेसेज दिलेल्या सगळ्या कन्सोलवर टाकतो, पण स्क्रिप्टचं आउटपुट डेव्ह-कन्सोलवर जातं आणि डेव्ह-कन्सोल म्हणजे ओळीत सर्वात शेवटी लिहिलेला कन्सोल. क्रम उलटवला, सिरीयल शेवटी टाकला, आणि मग स्क्रिप्ट लॅपटॉपवर बोलायला लागली. हे एक वाक्य मला जूनमधे कुणी सांगितलं असतं तर, असो.

आता रोग पाडायचा होता. रीबूट मारले, पाचही वेळा बूट नीट. आईने नैवेद्याची ताटं वाढायला हाक मारली म्हणून पॉवरऑफ करून उठलो, जेवून दोन तासांनी चालू केला आणि पहिल्याच फटक्यात अडकला. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. गार डबा अडकतो, गरम डबा अडकत नाही. लाईट गेल्यावर गार. बाबांची तीन बटणं म्हणजे गरम रीबूट. दोन महिने ही माहिती बाबा मला दर फोनला देत होते.

आणि लॅपटॉपवर पूर्ण लॉग होता, वर खाली हवं तेवढं सरकवा. इनिट स्क्रिप्टची प्रत्येक कमांड अधिकच्या चिन्हासकट दिसत होती, ती थेट माझ्या किल्ली नावाच्या स्क्रिप्टला हाक मारल्यापर्यंत, आणि तिथून पुढे शांतता. म्हणजे संशय खरा, पण आत काय चाललंय ते दिसेना. इनिटमधे सेट -एक्स (प्रत्येक कमांड चालवताना छापायची सूचना) चालू असलं तरी फोल्डरमधली प्रत्येक स्क्रिप्ट ही वेगळी प्रोसेस म्हणून चालते, आईबापाचं सेट -एक्स पोराला वारशात मिळत नाही. प्रत्येकीत स्वतंत्र लिहावं लागतं. मग किल्लीत दुसऱ्याच ओळीला सेट -एक्स टाकलं, शिवाय डिस्कची यादी छापायला एक वेगळी छोटी स्क्रिप्ट लिहिली, अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू मारून रॅमडिस्कची इमेज नव्याने बनवली. यादीची स्क्रिप्ट काही चाललीच नाही. शोधाशोध केली तर मी सीएचमॉड करून तिला चालवायची परवानगी द्यायला विसरलो होतो, एक्झिक्यूटेबल नसेल तर तो ती स्क्रिप्ट गुपचूप वगळतो, कुरकूर नाही की काही नाही. तेव्हापासून स्क्रिप्ट लिहिली की आधी सीएचमॉड.

आणखी एक गंमत झाली ती सांगायलाच हवी. एका गार बूटला सगळं डीबग चालू असताना डबा चक्क नीट उठला. मी पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसलो. ११५२०० स्पीडला सेकंदाला साधारण साडेअकरा हजार अक्षरंच बाहेर पडतात, आणि कर्नल एकेक ओळ पूर्ण बाहेर पडेपर्यंत तिथेच ताटकळतो, त्यामुळे इतकी बडबड चालू असली की बूटच मंद होतं आणि घटनांचा क्रम बदलतो. डॉक्टरच्या दारात गेलं की दाढ दुखायची थांबते तसं. मग डीबग काढून टाकलं, लॉगलेव्हल=६ ठेवली, आणि सेट -एक्स फक्त किल्लीमधे. जेवढं हवं तेवढंच बोलायचं.

पुन्हा पॉवरऑफ. या वेळी डबा तासभर बंद ठेवला, तेवढ्यात संध्याकाळची आरती झाली. घरात अजून कापराचा वास, मी प्रसाद डाव्या हातात धरून उजव्या हाताने बटण दाबलं आणि लॅपटॉपसमोर बसलो. कर्नलच्या ओळी झरझर गेल्या, बिगिन आलं, आणि मग हे:

अधिक, कंस, नाही, आहे का डेव्ह-एसडीसी१.
अधिक, स्लीप १.
अधिक, कंस, नाही, आहे का डेव्ह-एसडीसी१.
अधिक, स्लीप १.

एसडीसी१ म्हणजे तिसऱ्या डिस्कचं पहिलं पार्टिशन, माझ्या हिशोबाने पेनड्राइव्ह. दर सेकंदाला दोन ओळी, संथपणे, रवंथ केल्यासारख्या. आणि पाचसहा सेकंदांनी त्यांच्यामधे कर्नलची एक ओळ घुसली, "एटीए२: लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड, प्लीज बी पेशंट". कर्नल मला पेशन्स ठेव म्हणतोय. ही वॉर्निंग, म्हणजे ४ नंबरची, म्हणजे क्वाएट असताना कधीच न दिसणारी. आणखी चार सेकंदांनी एटीए२ या डिस्क पोर्टवर डिस्क सापडल्याची ओळ आली, त्या डिस्कला नाव मिळालं एसडीसी. एसडीसी, एसडीसी१ नाही. आणि स्क्रिप्ट पुढेही विचारतच राहिली, एसडीसी१ आहे का, एसडीसी१ आहे का.

झालं ते असं. तीन वर्षांपूर्वी मी लिहिलेली स्क्रिप्ट एसडीसी१ ची अनंतकाळ वाट बघायची, न टाइमआउट न एक शब्द. तेव्हा एसएसडी एसडीए, मोठी डेटाची डिस्क एसडीबी आणि पेनड्राइव्ह एसडीसी असायचा, कारण यूएसबी स्टोरेजचा ड्रायव्हर मुद्दामच एक सेकंद थांबून मग डिव्हाइस तपासतो, त्यामुळे तो नेहमी मागून यायचा. मेमधे मी डेटाची डिस्क बदलली, ड्रॉवरमधली एक जुनी टाकली, ती गार असताना गरगर फिरायला लागायलाच नऊदहा सेकंद घेते. आणि त्याच दिवशी "चालू व्हायला फार वेळ लावतो" या बाबांच्या तक्रारीवरून बायोसमधे फास्ट बूट चालू केलं, म्हणजे आधी बायोस डिस्क फिरेपर्यंत थांबायचा तेही बंद. ही अक्षरं जो आधी येईल त्याला आधी मिळतात, जन्मपत्रिकेत लिहिलेली नसतात. गार बूटला पेनड्राइव्ह आधी पोचून एसडीबी व्हायचा, म्हातारी डिस्क मागून धापा टाकत येऊन एसडीसी व्हायची, आणि त्या डिस्कवर मी आळसाने पार्टिशनच केलं नव्हतं, अख्ख्या डिस्कवर सरळ फाइलसिस्टम. म्हणून एसडीसी१ कधीच जन्माला येणार नाही. किल्ली एसडीबी१ वर पडून, आणि स्क्रिप्ट चुकीच्या दाराशी उभी.

माझा एक मित्र हे ऐकून म्हणाला, ग्रबमधे "ब्रेक=प्रीमाउंट" टाकलं असतंस तर त्या फोल्डरच्या आधीच बिझीबॉक्सचं शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, मिळालं असतं, कॅट प्रॉक-पार्टिशन्स करून दोन मिनिटांत दिसलं असतं. बरोबर आहे त्याचं. मी त्याला मोदक पाठवणार होतो ते रद्द केलं.

दुरुस्ती सोपी, पेनड्राइव्हला लेबल दिलं आणि स्क्रिप्ट डिस्क-बाय-लेबल मधून शोधते, तीस सेकंद वाट बघते, नाही सापडला तर पुढे जाते म्हणजे पासवर्ड तरी विचारला जाईल. पण आता मला ती स्क्रिप्ट कायमची बोलकी हवी होती, सिरीयल केबल नसताना पण. नुसतं एको (ओळ छापायची कमांड) केलं तर ते कन्सोलवर दिसून वाहून जातं, मागाहून एसएसएचने बघायला काही उरत नाही. म्हणून डेव्ह-केएमएसजी. या फाइलमधे लिहिलेली ओळ कर्नलच्या स्वतःच्या लॉगमधे जाऊन बसते, वेळेच्या शिक्क्यासकट, इतर ओळींच्या मधे बरोबर आपल्या जागी, आणि बूट झाल्यावर डीमेसेज या कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या कमांडमधे सापडते.

यातही दोनदा ठेच लागली. पहिल्यांदा मी स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच एक्झेक करून सगळं आउटपुट केएमएसजीकडे वळवलं आणि एका लूपमधून सगळी पार्टिशनं, सगळी बाय-आयडीची नावं एकेक ओळ करून छापली. दहा ओळी आल्या, बाकीच्या गुल, आणि खाली कर्नलची चिठ्ठी की इतक्या ओळी रेटलिमिटिंगमुळे दाबल्या. कुणी बाहेरच्याने कर्नलचा लॉग भरून टाकू नये म्हणून एकदा उघडलेल्या हँडलला पाच सेकंदांत दहा ओळी एवढाच कोटा आहे. प्रिंटके डॉट डेव्हकेएमएसजी=ऑन असं कर्नलच्या ओळीत दिलं की कोटा उठतो. किंवा दर वेळी वेगळं एको करून वेगळं उघडायचं, कोटा दर उघडण्यामागे आहे. मी दुसरं केलं, मोजक्याच ओळी छापायच्या होत्या.

दुसरी ठेच, क्वाएट परत लावलं (बाबांना तो ओळींचा पूर बघून धडकी भरायची, "काहीतरी जळतंय का रे") आणि माझ्या ओळी स्क्रीनवरून गायब. लॉगमधे आहेत, स्क्रीनवर नाहीत. केएमएसजीत नुसतं लिहिलेलं वाक्य डीफॉल्टने ४ नंबरचं धरलं जातं आणि क्वाएट असताना ३ पर्यंतचंच दिसतं, एका नंबरने हुकलं. ओळीच्या आधी कोनाच्या कंसात ३ लिहायचा, मग दिसते. ३ म्हणजे एरर. त्यामुळे आमच्या घरी किल्ली सापडणे ही अधिकृतरीत्या एरर आहे आणि जर्नलमधे लाल रंगात येते, पण चालतंय.

मेसेज मराठीत लिहायची इच्छा होती पण त्या टप्प्यावरच्या कन्सोलला देवनागरी येत नाही, फॉन्टमधे जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं वगैरे प्रकारच नाही, म्हणून एसएमएससारखी रोमन मराठी. पहिली ओळ किल्लीची वाट बघतोय. दुसरी किल्ली मिळाली आणि पुढे सेकंद, प्रॉक-अपटाइममधला पहिला आकडा. हात लागलाच होता म्हणून मोठ्या डिस्कचीही वीस सेकंदांपर्यंत वाट बघायला लावलं, आणि ती उठली की मोठी डिस्क आली असं म्हणून तिचेही सेकंद. फास्ट बूट मात्र तसंच ठेवलं, बाबांना ते आवडलंय.

अनंत चतुर्दशीनंतर मी पुण्याला आलो. ऑक्टोबरमधे परतीच्या पावसात लाईट गेली तेव्हा बाबांचा फोन आला. डबा चालू झाला होता, तीन बटणं न दाबता, तरी फोन.

"त्यात आलंय, किल्ली मिळाली ३. ते ठीक ना?"

"हो बाबा, उत्तम."

"आणि खाली, मोठी डिस्क आली १३. गेल्या खेपेला ११ होते, त्याच्या आधी १०. मी कॅलेंडरवर लिहून ठेवतोय." मग जरा थांबून, "अरे, ती डिस्क थकत चाललीय का?"

रात्री एसएसएचने आत गेलो आणि सगळे फोटो दुसरीकडे कॉपी करायला लावले.